संशयाचा फायदा कोणाला?

7 मार्च 2003. एका अनोळखी न्यूमोनियाचे दोन रुग्ण कॅनडातल्या दोन रुग्णालयांत एकाच दिवशी पोहोचले. दोघांच्याही आजाराचा माग हाँगकाँगपर्यंत जात होता. त्या आजाराला ‘सार्स’ हे नाव अजून मिळायचं होतं. व्हँकूव्हरमध्ये रुग्णाला लगेच वेगळ्या खोलीत हलवलं गेलं आणि कर्मचारी पूर्ण संरक्षण घेऊनच आत गेले. टोरांटोत मात्र रुग्ण रात्रभर गर्दीच्या आपत्कालीन विभागात, इतरांच्या शेजारीच राहिला. क्षयाची शंका आल्यावर त्याला वेगळं केलं, पण तोवर लागण शेजारच्या रुग्णांपर्यंत गेली होती. व्हँकूव्हरमध्ये साथ पसरली नाही. टोरांटो आणि परिसरात 44 जण दगावले; त्यांत दोन परिचारिका आणि एक डॉक्टर होते.

व्हँकूव्हरला नशिबाचीही साथ होती. पण सावध राहण्याची सूचनाही तिथे आधीच पोहोचलेली होती. पुढे या साथीची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती आर्ची कॅम्पबेल यांच्या आयोगाने निष्कर्ष काढला, की धोका कमी करणारे वाजवी उपाय शास्त्रीय खात्रीसाठी अडवून ठेवू नयेत. तरीही 28 मार्च 2020 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड हवेतून पसरत नाही असं ठामपणे जाहीर केलं. नंतर ती भूमिका बदलावी लागली.

न्यायालयात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. रुग्णालयात तो कोणाला मिळावा? माझ्या मते, ज्याला अजून लागण झालेली नाही त्याला: शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला, रात्रपाळीच्या सिस्टरला, फरशी पुसणाऱ्या मावशींना. निदान चुकलं तर त्याची किंमत हीच माणसं मोजतात, आणि निर्णय घेताना त्यांना कोणी विचारत नाही.

सरसकट सगळ्यांना कोंडून ठेवा, असा याचा अर्थ नाही. नेहमीच्या फ्लूच्या रुग्णाजवळ जाताना साधा सर्जिकल मास्क आणि खाटांमधलं अंतर बहुधा पुरतं. क्षय, गोवर आणि कांजिण्यांचे जंतू हवेत तरंगतात; गोवराचे तर रुग्ण निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत. तिथे बंद दाराची, हवा बाहेर खेचणारी खोली आणि कर्मचाऱ्यांच्या चेहऱ्यावर नीट बसणारा एन-95 हवा. निदान अनिश्चित असेल, तर आधी वरच्या पायरीचं संरक्षण घ्यावं आणि तपासणीचा निकाल आला की खाली उतरावं. टोरांटोत वरच्या पायरीवर चढायला उशीर झाला.

एकांताचीही किंमत असते. दाराआडच्या रुग्णाकडे लोक कमी फिरकतात, घरचे दुरावतात, मन खचतं. म्हणून वेगळं ठेवण्याचं कारण त्याला समजावून सांगणं, फोनवर घरच्यांशी बोलणं करून देणं आणि गरज संपताच दार उघडणं हाही उपचाराचाच भाग आहे. नाहीतर विलगीकरणाचं वाळीत टाकणं व्हायला वेळ लागत नाही. आणि डॉक्टरांना एन-95 पण मावशींना कापडी मास्क, अशी वाटणी जिथे होते, तिथे सावधगिरीलाही हुद्दा चिकटलेला असतो. जंतू हुद्दा पाहत नाहीत.

आपल्या हातात थोडंच आहे, पण ते आहे. रुग्णालयात पाऊल टाकताच खोकला, ताप, अंगावरचं पुरळ, नुकताच केलेला प्रवास हे न विचारता सांगा. मास्क दिला तर लावा. आणि आपला माणूस वेगळ्या खोलीत ठेवला, तर सिस्टरशी भांडू नका. ती शेजारच्या खाटेवरच्या माणसाची बाजू घेते आहे.