रिपोर्ट नॉर्मल, माणूस आजारी



काही महिन्यांपूर्वी आपल्या धर्मग्रामातील एक भगिनी रविवारच्या मिस्सानंतर आम्हाला भेटायला आली. हातातल्या पिशवीत तीन वर्षांचे रक्ततपासणीचे रिपोर्ट होते. ती म्हणाली, "फादर, रिपोर्ट चांगले आहेत. मीच चांगली नाही." थायरॉईडची गोळी ती रोज न चुकता घेत होती. तरीही सकाळी अंग उचलत नाही, केस गळतात, भर उन्हाळ्यात पाय गार पडतात, बोलता बोलता साधा शब्द आठवत नाही, असे तिचे म्हणणे होते. आम्ही रिपोर्ट पाहिला. आकडा मर्यादेत होता. आम्ही म्हणालो, "देवाचे आभार माना, सगळं नॉर्मल आहे. फार मनावर घेऊ नका." "बरं फादर," म्हणून ती निघून गेली.

पुढे एकदा तिच्या घरी गेलो तेव्हा तिनेच सांगितले, "घरी हेच बोलत होते. तुम्हीही तेच बोललात. मग म्हटलं, सांगून काय उपयोग?" त्या दिवसापासून तिने आपले दुखणे कुणालाही सांगणे सोडून दिले होते. हा प्रसंग तिच्या परवानगीने लिहीत आहोत. आम्ही खोटे बोललो नव्हतो. रिपोर्ट खरोखरच नॉर्मल होता. मग आमचे चुकले कुठे?

आधी आजार समजून घेऊ. १९१२ साली हाकारू हाशिमोटो या तरुण जपानी शल्यविशारदाने गळ्यातील थायरॉईड ग्रंथीच्या एका वेगळ्या विकाराची नोंद केली. त्याचे चारही रुग्ण स्त्रिया होत्या. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच आपल्या ग्रंथीवर उलटते आणि ती हळूहळू निकामी होते, हे पुढे १९५६ च्या सुमारास उमगले. आज हा आजार हाशिमोटोच्या नावानेच ओळखला जातो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो कितीतरी अधिक आढळतो. आपल्या देशातील आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांचा थायरॉईड मंद असल्याचे दिसले. तेव्हा ही गोळी आपल्या अनेक घरांत असणार.

या गोळीला कुणी कमी लेखू नये. तिच्यातील थायरॉक्सिन हे द्रव्य अमेरिकेतील केंडॉल या रसायनशास्त्रज्ञाने १९१४ साली, नेमके नाताळच्या दिवशी, शुद्ध स्वरूपात वेगळे केले. आज ते कृत्रिमरीत्या तयार होते आणि लक्षावधी माणसे त्याच्या आधाराने व्यवस्थित जगतात.

मग गोळी घेऊनही काहींना बरे का वाटत नाही? टीएसएच नावाची तपासणी नेमके काय सांगते ते पाहू. मेंदूच्या तळाशी पिच्युटरी नावाची लहानशी ग्रंथी असते. थायरॉईडचा रस कमी पडला की ती जोरात हाक मारते, पुरेसा झाला की शांत होते. टीएसएच हे त्या हाकेचे मोजमाप. साधारण ०.४ ते ४ च्या दरम्यान आकडा असला की नॉर्मल म्हणतात. म्हणजे पिच्युटरी समाधानी आहे, एवढे रिपोर्टवरून कळते. त्या बाईची झोप, तिचे स्नायू, तिच्या अंगातले लोह यांविषयी त्या कागदाला काही विचारलेलेच नसते. शिवाय ही मर्यादा अनेक निरोगी माणसांवरून ठरवलेली असते. प्रत्येकाचा स्वतःचा आकडा त्याहून बऱ्याच अरुंद पट्ट्यात फिरतो.

रिपोर्ट सुधारूनही शंभरातील पाच ते दहा रुग्णांना त्रास होत राहतो, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. काहींच्या बाबतीत कारण दुसरेच निघते: लोह किंवा बी-१२ ची कमतरता, झोपेत श्वास अडखळणे, पाळी जाण्याचा काळ, मनाची उदासी. काहींच्या बाबतीत आजार स्वतःच त्रास देत असावा. नॉर्वेमध्ये दीडशे रुग्णांवर एक प्रयोग झाला. गोळीने रिपोर्ट नॉर्मल, तरीही त्रास कायम, असे हे लोक. त्यांतील काहींची थायरॉईड ग्रंथी शस्त्रक्रियेने काढली, बाकीच्यांची गोळी तशीच चालू ठेवली. शस्त्रक्रिया झालेल्यांना दीड वर्षानंतर बरेच अधिक बरे वाटत होते, असे २०१९ साली प्रसिद्ध झाले. अर्थात आपली शस्त्रक्रिया झाली आहे हे रुग्णांना ठाऊक होते, आणि शंभरातील चौदा जणांना तिचे उपद्रवही झाले. त्यामुळे कुणी उठून शस्त्रक्रियेसाठी धावू नये. पण 'रिपोर्ट नॉर्मल म्हणजे दुखणे मनाचे' हा निष्कर्ष किती घाईचा आहे, हे यातून नक्कीच कळते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कागद एक सांगतो, माणूस दुसरे सांगतो. विश्वास कुणावर ठेवायचा? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचे एक उदाहरण आम्ही पाठ केले होते. वैद्य 'मनुष्य' नावाच्या कल्पनेला बरे करीत नाही, तो कॅलियस नावाच्या एका माणसाला बरे करतो. परीक्षेत आम्ही हे लिहून गुण मिळवले. समोर पिशवी घेऊन एक बाई उभी राहिली तेव्हा मात्र ते आठवले नाही.

खरे तर 'कागद की माणूस' हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो. येथे दोन वेगळी विधाने आहेत. 'मला त्रास होतो' हे पहिले. 'तो अमुक कारणाने होतो' हे दुसरे. दुसऱ्याबाबत डॉक्टरांचा अधिकार मोठा. रुग्णाचा तर्क तेथे चुकू शकतो. पण पहिल्याबाबत रुग्णाइतका जाणकार दुसरा कोणी नाही. शेजारी भूक लागली म्हणाला तर आपण त्याच्याकडे दाखला मागत नाही. कारण सापडले नाही, म्हणून दुखणेच नाही असे ठरवणे हा विचारातला दोष आहे, आणि त्याचा भार दुसऱ्याने वाहायचा असतो म्हणून तो नीतीचाही दोष आहे.

कोणी म्हणेल, "फादर, काही जण कामाचा कंटाळा म्हणूनही बहाणे करतात." करीत असतील. पण दोन्ही चुकांची किंमत तोलून पाहा. खोट्यावर विश्वास ठेवला, तर चार भांडी आपल्याला घासावी लागतील. खऱ्यावर अविश्वास दाखवला, तर एक माणूस आपल्याच घरात एकटे पडेल.

इयोबाचे मित्र आठवा. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ काही न बोलता बसले. तोवर ते खरे मित्र होते. मग त्यांनी स्पष्टीकरणे द्यायला सुरुवात केली. त्यांच्या हिशेबात निरपराध्याला दुःख बसत नव्हते, म्हणून त्यांनी हिशेब न बदलता इयोबालाच खोटे पाडले. देवाचा राग शेवटी त्या समजावणाऱ्यांवर झाला, तक्रार करणाऱ्या इयोबावर नाही.

विश्वास ठेवणे म्हणजे रुग्णाच्या प्रत्येक म्हणण्याला मान डोलावणे नव्हे. गोळीचा डोस स्वतःच्या मनाने वाढवू नये; जास्त झाल्यास हृदयाचे ठोके बिघडतात, हाडे ठिसूळ होतात. जाहिरातीतल्या औषधांपायी पैसे घालवू नयेत. डॉक्टरांकडे पुन्हा जावे, आणि "रिपोर्ट ठीक आहे, पण मी ठीक नाही; आणखी काय पाहता येईल?" असे स्पष्ट विचारावे. एकट्याने जायला संकोच वाटत असेल तर घरातल्या कोणीतरी सोबत जावे.

घरच्यांसाठीही काम आहे. ही गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची असते. चहा-नाश्ता अर्ध्या-एक तासाने, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांनी. तेव्हा सकाळचा चहा नवऱ्याने किंवा मुलांनी केला, तर तेवढा वेळ तिला निवांत बसता येईल. आणि "रिपोर्ट तर नॉर्मल आहे ना?" हे वाक्य घरातून काढून टाकावे. त्याऐवजी "आज कसं वाटतंय?" असे विचारावे, आणि उत्तर पुरे होईपर्यंत थांबावे.

त्या भगिनीचे दुखणे पूर्ण गेलेले नाही. पुढच्या तपासणीत तिचे लोह कमी निघाले, त्यावर उपचार सुरू आहेत. थोडा फरक आहे, थोडा त्रास आहे. तिची आम्ही क्षमा मागितली. ती म्हणाली, "फादर, तुम्ही पुन्हा विचारायला आलात, तेव्हाच अर्धं बरं वाटलं." उरलेल्या अर्ध्यासाठी डॉक्टर आहेत. पहिले अर्धे मात्र आपल्या सर्वांच्या हाती आहे.

आपले,
धर्मगुरू