बेपत्ता माणूस आणि घरबसले तपासनीस

सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे-गोरे ११ एप्रिल २०१६ पासून बेपत्ता झाल्या. पण त्यांचा मोबाईल गप्प झाला नाही. कळंबोलीच्या रोडपाली भागात राहणाऱ्या, मूळच्या हातकणंगले तालुक्यातील आळते गावच्या या अधिकारी बाईंच्या क्रमांकावरून त्यानंतरही नातेवाइकांना संदेश गेले. मनःशांतीसाठी विपश्यनेला जात आहे, काही दिवस संपर्क होणार नाही, असा त्यांचा आशय होता. घरच्यांनी त्यावर विश्वास ठेवला, आणि ठेवू नये असे काही कारणही तेव्हा नव्हते. पुढे पनवेलच्या सत्र न्यायालयात जे सिद्ध झाले त्यानुसार त्यांचा खून त्याच दिवशी भाईंदरमधल्या एका फ्लॅटमध्ये झाला होता आणि देहाची विल्हेवाट वसईच्या खाडीत लावली गेली होती. ५ एप्रिल २०२५ रोजी पोलीस निरीक्षक अभय कुरुंदकर दोषी ठरला आणि २१ एप्रिलला त्याला जन्मठेप सुनावली गेली. पुरावा नष्ट करायला मदत केल्याबद्दल आणखी दोघांना शिक्षा झाली, तर चौथा आरोपी निर्दोष सुटला. मृतदेह आजतागायत मिळालेला नाही.

या सगळ्या प्रकरणात मला त्या संदेशांपाशी थांबावेसे वाटते. माणूस हरवला की आपण पहिली विचारणा करतो ती फोनची. लागतो का, ऑनलाइन कधी दिसला होता, निळ्या खुणा आल्या का? आपल्या लेखी हा सर्वांत भरवशाचा पुरावा असतो. इथे नेमका तोच खोटा होता. असे याआधीही घडले आहे. पनवेलहून तासाभराच्या अंतरावर, पेण तालुक्यातल्या गागोदे परिसरात मे २०१२ मध्ये एक जळालेला मृतदेह मिळाला. तो शीना बोरा या तरुणीचा असल्याचे जगाला कळायला ऑगस्ट २०१५ उजाडला. मधली तीन वर्षे ती अमेरिकेत असल्याचे सांगितले जात होते आणि नोकरीचा राजीनामाही तिच्या नावाने पोहोचला होता. त्याही आधी, जानेवारी १९७६ मध्ये पुण्यात प्रकाश हेगडे या तरुणाकडून, घर सोडून जात असल्याची चिठ्ठी मारण्यापूर्वी लिहून घेण्यात आली होती. जोशी-अभ्यंकर हत्याकांड म्हणून पुढे गाजलेल्या मालिकेतला तो पहिला खून. चिठ्ठीतले अक्षर खरोखर त्याचेच होते.

मारणारा अशा रीतीने पहिला पुरावा स्वतःच मांडून ठेवतो. तो आपल्या, म्हणजे बाहेरच्यांच्या, डोळ्यांसाठीच बेतलेला असतो. हरवलेल्या माणसाच्या प्रकरणात घरबसल्या तपास करणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यायला हवे. आपल्यापर्यंत जे सहज पोहोचते, ते सहज पोहोचावे म्हणून कोणीतरी सोडलेले असू शकते.

पोलिसांची शोधपत्रिका पाहा. वय, उंची, बांधा मध्यम, रंग सावळा, चेहरा गोल, अंगात अमुक रंगाचा कुर्ता, पायात चप्पल, भाषा मराठी-हिंदी, मिसिंग नोंदीचा क्रमांक, तपासी अंमलदाराचे नाव आणि ठाण्याचा दूरध्वनी. मजकूर रुक्ष असतो, पण त्यातला एकही शब्द अंदाजाचा नसतो. हीच पत्रिका सोसायटीच्या, गावाच्या, जुन्या वर्गमित्रांच्या समूहांतून फिरायला लागली की दुसऱ्या दिवशी नोंदीचा क्रमांक आणि तारीख गळते. तिसऱ्या दिवशी खाली ‘नवऱ्याचे वागणे संशयास्पद’ अशी ओळ चिकटते. आठवडाभरात पत्रिका मागे पडते आणि ओळ तेवढी उरते. मुलगी सुखरूप घरी परतल्यावर तिचा फोटो पुढची कित्येक वर्षे ‘कृपया पुढे पाठवा’ म्हणून हिंडत राहतो, याचा त्रास किती जणींनी सोसला असेल!

मग सुरू होते पुराव्यांची चर्चा, आणि ती मन लावून होते. हे लोक टवाळ नसतात. त्यांतल्या बहुतेकांना खरोखर कळवळा असतो, म्हणून तर ते रात्र-रात्र जागून सीसीटीव्हीची एकेक चौकट थांबवून पाहतात. पण ९ वाजून ४२ मिनिटे ही त्या चौकटीच्या कोपऱ्यातली वेळ खरी आहे, हे कशावरून? दुकाना-सोसायट्यांतल्या यंत्रांचे घड्याळ पाच-दहा मिनिटे पुढेमागे असणे नेहमीचेच. वीज गेल्यावर ते कुठल्या कुठे जाते. म्हणून पंचनामा करताना यंत्रावरची वेळ आणि प्रत्यक्ष वेळ, दोन्ही पंचांसमक्ष टिपून घेतात आणि फरक लिहितात. समूहात आलेल्या चित्रफितीसोबत तो पंचनामा येत नाही. त्या बारा मिनिटांच्या जोरावर एखादा माणूस खोटारडा ठरतो, कारण ‘तो तर म्हणाला होता साडेनऊला निघालो’.

टॉवर लोकेशनचेही तेच. ‘शेवटचे लोकेशन पनवेल’ हे वाक्य बातमीत ठसठशीत दिसते, पण त्याचा अर्थ फोन पनवेलच्या एखाद्या मनोऱ्याच्या टापूत होता, इतकाच. दाट वस्तीत हा टापू काही शे मीटरचा असेल, खाडीकाठी किंवा कर्नाळ्याच्या बाजूला कित्येक किलोमीटरचा. आणि पनवेल हा महाराष्ट्रातला केवढा मोठा नाका! कळंबोलीपासून पुण्याचा द्रुतगती मार्ग सुटतो, गोव्याचा महामार्ग इथूनच निघतो, एक फाटा उरणच्या बंदराकडे जातो, सायन-पनवेल रस्ता मुंबईत शिरतो. रेल्वेने कोकण, पुणे, वसई-दिवा कुठेही जाता येते. इथे ‘शेवटचे दिसणे’ म्हणजे निम्म्या राज्याच्या वाटा मोकळ्या असणे. शिवाय पनवेल तालुका रायगड जिल्ह्यात, पण पोलीस ठाणी नवी मुंबई आयुक्तालयात. बिद्रे यांचे घर कळंबोलीत, खुनाची जागा तेव्हाच्या ठाणे ग्रामीणच्या हद्दीत, खाडी त्याच्याही पलीकडे पसरलेली. हद्दीचा प्रश्न तपासात किती वेळ खातो, हे मिसिंगची तक्रार घेऊन एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात पाठवल्या गेलेल्या आईबापांना विचारावे.

डिजिटल पुराव्याबाबत न्यायालयही किती काटेकोर असते, याचे उदाहरण जालन्याचे आहे. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर घेतला गेला का, हा वाद होता आणि निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणावर तो बराच अवलंबून होता. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये स्पष्ट केले की मूळ उपकरणच हजर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीला पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खालचे प्रमाणपत्र हवेच. ही प्रत कोणत्या यंत्रातून, कशी निघाली याची जबाबदारी कोणीतरी सही करून घ्यायची, असा त्याचा अर्थ. आता नव्या साक्ष अधिनियमात हेच कलम ६३ झाले आहे. मला यात तांत्रिक अडवणूक दिसत नाही. ‘हे मी दिले, हे असेच होते’ असे म्हणायला माणूस उभा राहिल्याशिवाय कोणाचे स्वातंत्र्य हिरावून घ्यायचे नाही, हा साधा न्याय आहे. चर्चेतल्या पुराव्यामागे असा सही करणारा कोणीच नसतो. अंदाज चुकला तर त्याची किंमत भलत्याच घराला मोजावी लागते.

तरी बिद्रे प्रकरणात देहाशिवाय शिक्षा झालीच की, असे कोणी म्हणेल. झाली, पण कशी? परिस्थितिजन्य पुराव्याचे आपल्याकडचे प्रमाण मानले जाते ते पुण्याच्या शरद बिरधीचंद सारडा खटल्याचे. एका तरुण विवाहितेचा मृत्यू, तिने लिहिलेली पत्रे, नवऱ्यावर आरोप. सत्र न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला निर्दोष सोडले. त्या निकालातली पाच तत्त्वे आजही प्रत्येक खटल्यात उगाळली जातात: परिस्थिती पूर्ण सिद्ध हवी, ती फक्त दोषाकडेच बोट दाखवणारी हवी, निर्णायक हवी, दुसरी प्रत्येक शक्यता मोडून काढणारी हवी, आणि साखळीत कडी सुटलेली नको. ‘त्यानेच केले असावे’ आणि ‘त्यानेच केले असलेच पाहिजे’ यांतले अंतर कापायला बिद्रे प्रकरणात नऊ वर्षे लागली. साक्षी, उलटतपासण्या, फोनच्या नोंदी, तज्ज्ञांचे अहवाल, सगळे त्यातून गेले. चर्चा हे अंतर एका संध्याकाळी कापते, आणि कधी तिचा अंदाज बरोबर निघाला तरी तो सिद्ध झालेला नसतो.

अंदाज चुकतो तेव्हा काय होते? एप्रिल २०१३ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. पोलिसांनी संशयितांची धूसर छायाचित्रे प्रसिद्ध केली आणि हौशी तपासनीसांनी त्यांतला एक चेहरा जुळवला तो महिन्याभरापूर्वी बेपत्ता झालेल्या भारतीय वंशाच्या विद्यार्थ्याशी. त्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. मुलाला शोधण्यासाठी घरच्यांनी उघडलेल्या पानावर शिव्यांचा पाऊस पडला, वार्ताहरांचे फोन रात्रभर वाजत राहिले. स्फोटाच्या आठवडाभरानंतर त्याचा मृतदेह नदीत मिळाला. स्फोट झाले तेव्हा तो हयातच नव्हता. आईबाप मुलगा शोधत होते आणि जग त्यांना मारेकऱ्याचे आईबाप म्हणत होते.

आपल्याकडे तर याच्याही पुढची मजल गेली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या फिरत्या संदेशांनी भारलेल्या जमावाने मंगळवेढ्याकडच्या भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ठेचून मारले. एका लहान मुलीशी बोलताना ते दिसले, एवढाच ‘पुरावा’. ही गोष्ट तपासाच्या चर्चेत कशाला, असे कोणाला वाटेल. पण तिथेही लोक आपापल्या समजुतीने हरवलेल्या मुलांचा शोधच घेत होते. सुतावरून स्वर्ग गाठायचा हाच मार्ग होता. फरक एवढाच की त्यांच्या हातात काठ्या होत्या.

मग सामान्य माणसाने तोंडाला कुलूप लावून बसायचे का? मुळीच नाही. ‘पोलिसांना त्यांचे काम करू द्या’ हे वाक्य बिद्रे कुटुंबाने ऐकले असते तर आज कोणालाच शिक्षा झाली नसती. जुलै २०१६ मध्ये तक्रार झाली, अपहरणाचा गुन्हा नोंदवला गेला तो ३१ जानेवारी २०१७ ला. त्याच्या पाचच दिवस आधी, प्रजासत्ताक दिनाला, ज्याच्याकडे घरचे बोट दाखवत होते त्या कुरुंदकरचे नाव राष्ट्रपतिपदकाच्या यादीत झळकले होते. निकालाच्या वेळी न्यायालयालाही या शिफारशीचे आश्चर्य वाटले. अटक व्हायला डिसेंबर २०१७ उजाडला. मधल्या काळात भाऊ आणि पती ठाण्यापासून उच्च न्यायालयापर्यंत चपला झिजवत राहिले. खात्यातलाच अधिकारी संशयित असताना खाते ढिम्म हलत नव्हते. लोकांचा अविश्वास आकाशातून पडत नाही. अफवांना जागा मिळते ती अशा मौनातून.

घरच्यांनीही एका अर्थी हौशी तपासच केला. पण त्यांनी जमवलेले त्यांनी चव्हाट्यावर निकालासाठी मांडले नाही. ते तपासयंत्रणेच्या आणि न्यायालयाच्या गळी उतरवण्यासाठी ते झगडले, स्वतःच्या नावानिशी, सही करून. मला हाच फरक महत्त्वाचा वाटतो. बाहेरच्या माणसाकडे देण्यासारख्या दोनच गोष्टी असतात. एक, त्याने स्वतः पाहिलेले. २०२१ मध्ये अमेरिकेत बेपत्ता झालेल्या गॅबी पेटिटो या तरुणीची पांढरी गाडी एका फिरस्त्या दांपत्याला आपल्या गाडीतल्या कॅमेऱ्याच्या चित्रणात दिसली. त्यांनी ते तपासयंत्रणेकडे दिले आणि शोधाची जागा आवळता आली. दुसरी गोष्ट म्हणजे यंत्रणेला विचारलेला जाब. ‘कोणी केले’ या प्रश्नाचे उत्तर घरबसल्या मिळत नाही; ‘काय केले नाही’ याचे मिळू शकते.

आणि हा दुसरा प्रश्न फार निकडीचा आहे, कारण पुरावा नासतो. सोसायटीच्या यंत्रातले चित्रण काही आठवड्यांत त्याच्यावरच नवे चित्रण होऊन पुसले जाते. दूरसंचार कंपन्यांनी कॉलच्या नोंदी जपायची सक्ती २०१६ मध्ये एक वर्षाची होती, डिसेंबर २०२१ मध्ये ती दोन वर्षांची झाली. बिद्रे प्रकरणात गुन्हा नोंदवेपर्यंत त्या वर्षातले साडेनऊ महिने सरले होते. मूल हरवले तर थेट गुन्हा नोंदवायचा, अपहरण गृहीत धरायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर बजावले आहे. प्रौढ माणसाला हे संरक्षण नाही. त्याची फक्त मिसिंग नोंद होते, आणि ‘येईल परत, कुठे गेला असेल मित्राकडे’ किंवा बाई असेल तर ‘गेली असेल कोणाबरोबर’ हे उत्तर घेऊन घरचे बाहेर पडतात. सज्ञान माणसाला न सांगता निघून जाण्याचा हक्क आहे, तो मीही मानतो. पण म्हणून फोनच्या नोंदी आणि सीसीटीव्हीचे चित्रण पहिल्या आठवड्यात नुसते जपून ठेवायला काय हरकत आहे? ते उघडायचे की नाही, हे नंतर न्यायालयाला विचारता येईल.

सोसायटीच्या समूहातल्या दोनशे माणसांनी एका बेपत्ता शेजाऱ्यासाठी हेच विचारले तर? मिसिंग नोंदीचा क्रमांक काय, तपासी अंमलदार कोण, कॉलच्या नोंदी कोणत्या तारखेला मागवल्या, आपल्या फाटकावरचे चित्रण कोणी येऊन घेतले का, घेतले नसेल तर आपण ते वेगळे काढून ठेवले का. यात कोणाचे नाव घ्यावे लागत नाही, कोणाच्या दारावर मोर्चा न्यावा लागत नाही. जुलै २०१६ ते जानेवारी २०१७ या काळात कळंबोलीच्या त्या तक्रारीवर कोणत्या दिवशी काय झाले आणि कोणी ते थांबवले, याचा दिवसवार हिशेब मागायला निकालानंतरही उशीर झालेला नाही.