एलीचें घर आणि आमचीं मुलें



शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या अध्यायांत एली याजकाच्या घराची हकीकत आहे. शिलो येथें लोक यज्ञ करावयास येत, तेव्हां त्याचे पुत्र हफनी व फिनहास यांचा चाकर चरबीचा होम होण्यापूर्वींच येऊन कच्चें मांस मागे. यज्ञ करणारा थोडें थांबावयास विनवी, तर तो बळजबरीनें नेण्याची धमकी देई. सशक्तानें अशक्ताच्या हातचें हिसकून घ्यावें, असें हें पाप होतें.

हें पाप शिलो येथेंच संपलें, असें आम्हांस म्हणतां येत नाहीं. जिल्हा परिषदेच्या शाळेंत दुपारची खिचडी वाढली जाते, तेव्हां एखादा दांडगा मुलगा धाकट्याच्या ताटांतलें उचलतो. कोणी लंगडा म्हणून, कोणी तोतरा म्हणून, कोणी अमक्या जातीचा म्हणून हिणविला जातो. आणि हल्लीं मोबाइलमुळें त्याचें हंसें गांवभर होतें. गोष्ट कानीं आली म्हणजे आईबाप म्हणतात, "पोरासोरांचा खेळ आहे, मोठीं झालीं म्हणजे सुधारतील." पण मार खाणाऱ्या लेंकराला तो खेळ वाटत नाहीं. तें पोट दुखतें म्हणून घरीं राहतें, आणि शेवटीं शाळेचें नांवच टाकतें.

एलीस सर्व ठाऊक होतें. त्यानें पुत्रांस बोल लाविला, परंतु त्यांस आवरिलें नाहीं. आणि देवानें त्याजवर दोष ठेविला तो हाच. बोलणें निराळें व आवरणें निराळें, हें आईबापांनीं ओळखावें.

कोणी म्हणेल, शासन करणें हें गुरुजींचें काम. तर सन २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ नें मुलास मारण्याची व त्याचा मानसिक छळ करण्याची मनाई केली आहे. आणि कलम १६ प्रमाणें आठवी पुरी होईपर्यंत कोणाही मुलास शाळेंतून काढून टाकतां येत नाहीं. हे दोन्ही नियम योग्यच आहेत; कारण ज्याच्या हातीं छडी तोच थोर, एवढाच धडा दांडगा मुलगा छडीपासून शिकतो. पण त्यामुळें आईबापांचा भार वाढला आहे. त्याच कायद्यानें शाळा व्यवस्थापन समितींत निदान तीन-चतुर्थांश सभासद आईबाप किंवा पालक असावेत असें ठरविलें आहे. म्हणजे शाळा सरकारची असली, तरी तेथें जें घडतें त्याचा जाब आम्हांसही द्यावयाचा आहे.

मग आम्हीं काय करावें? प्रथम, मुलास जबाबदार धरावें. जक्कयानें केवळ पश्चात्ताप बोलून दाखविला नाहीं. अन्यायानें घेतलेलें चौपट परत करण्यास तो सिद्ध झाला. तसेंच, ज्याची वही फाडली त्यास मुलानें आपल्या खाऊच्या पैशांतून नवी वही द्यावी. ज्यास चारचौघांत हिणविलें त्याची क्षमा चारचौघांतच मागावी.

दुसरें, आईबापांनीं मुलास बरोबर घेऊन त्या लेंकराच्या घरीं जावें. त्या घराची जात किंवा गरिबी पाहून आमचा पाय अडखळला, तर मुलगा हिणविण्यास कोठें शिकला हें तेथेंच कळून येईल.

तिसरें, समितीच्या सभेंत ही गोष्ट उघड काढावी. लेंकराच्या जिवास धोका दिसला, तर १०९८ ह्या क्रमांकावर बालकांसाठीं साहाय्य मिळतें, तें मागण्यास लाजूं नये.

एलीच्या घरीं बाळ शमुवेल होता. रात्रीं जें ऐकलें तें सकाळीं सांगावयास तो भ्याला. पण एलीनें त्यास प्रेमानें हाक मारिली, कांहीं न लपवितां सांगावयास लाविलें, आणि आपल्याच घराचा दोष त्या लेंकराच्या तोंडून निमूटपणें ऐकून घेतला. आमच्या मुलाविरुद्ध दुसऱ्याचें लेंकरूं गाऱ्हाणें घेऊन आलें, तर तितकें तरी आम्हीं करावें. एलीनें ऐकलें तेव्हां फार उशीर झाला होता. आम्हांस अजून वेळ आहे. तो न दवडण्यास प्रभु आम्हां सर्वांस साहाय्य करो.