धुरातलं गाव

१८७८ च्या वसंतात कॅन्ससच्या गवताळ माळावरून गाड्यांचा एक तांडा चालला होता. माणसं केंटकीची. त्यांतल्या बहुतेक मोठ्यांनी आयुष्याची आधीची वर्षं गुलामीत काढलेली. एलिस स्टेशनावर उतरताच तांड्यात गोवराची साथ आली आणि काही लेकरं तिथंच पुरावी लागली. पुढे रस्ता असा नव्हताच. हरणांच्या वाटा आणि होकायंत्र यांच्या भरवशावर दोन दिवस गेले, तेव्हा पुरुषमंडळी ओरडली, ‘आलं निकोडिमस!’

विलियाना हिकमननं पाहिलं. घर दिसेना, झाड दिसेना. जमिनीतून नुसता धूर वर येत होता. माणसं जमीन खोदून आत राहत होती. विलियानाला रडू कोसळलं.

रडू यावं असंच ते होतं. सरकारी जमीन मिळेल, आपल्या माणसांची मोठी वसाहत उभी राहील, असं सांगणारी पत्रकं केंटकीत वाटली गेली होती. ती वाचून पहिली मोठी तुकडी १८७७ च्या सप्टेंबरात इथं उतरली, तेव्हा पेरणीचा हंगाम टळून गेलेला. जळणाला लाकूड नाही, म्हणून सूर्यफुलाची वाळकी ताटं जाळायची. त्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज आदिवासींनी आपल्यातलं मांस यांना दिलं. ज्यांची स्वतःची भूमी हिरावली जात होती, त्यांनी परक्यांची भूक ओळखली. गावाचा पाया कशाचा, असं कुणी विचारलं तर मी आधी त्या मांसाचं नाव घेईन.

जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक १८७३ मध्ये अमेरिकेतल्या गुलामांची मुक्तता करणाऱ्यांना अर्पण केलं होतं. बेड्या तुटल्यावर पोटाचं काय आणि निवाऱ्याचं काय, याचं उत्तर या माळावरचे लोक हातांनी शोधत होते. कितीतरी जण परत फिरले. विलियाना मात्र नवऱ्यासह त्याच मुलखात राहिली. जेनी फ्लेचरनं शाळेच्या इमारतीची वाट पाहिली नाही. जमिनीतल्या घरातच मुलं गोळा करून शिकवायला बसली. दहा वर्षांच्या आत दुकानं झाली, हॉटेलं झाली, चर्चं झाली, दोन वर्तमानपत्रंही निघाली.

मग रेल्वेची आशा लागली. लोहमार्ग आपल्या गावावरून जावा म्हणून १८८७ मध्ये गावानं सोळा हजार डॉलरचे रोखे मंजूर केले. रेल्वे आलीच नाही. दुसऱ्या वर्षी रूळ पडले ते सॉलोमन नदीच्या पलीकडे, काही मैलांवर. व्यापाऱ्यांनी बिऱ्हाडं तिकडे हलवली. मी त्यांना दोष देत नाही. गिऱ्हाईक जाईल तिकडे दुकान जाणारच. पण जमीन कसणारे, चर्चची घंटा वाजवणारे, ज्यांची माणसं याच मातीत पुरलेली होती ते मागे राहिले.

टपाल कार्यालय १९५३ मध्ये बंद झालं, शाळा १९६० मध्ये. १९९६ साली गाव राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरलं, तेव्हाही तिथं मोजकीच माणसं राहत होती. आजही तसंच आहे. पण दरवर्षी जुलैअखेरीस त्या पहिल्या कुटुंबांचे वंशज दूरदूरच्या शहरांतून शेकड्यांनी येतात. स्टेशन इथं कधी झालंच नाही, बाजारपेठ गेली ती गेलीच. तरी मिरवणूक निघते, पंगती उठतात, आणि लेकरांना त्यांच्या पणज्यांची नावं सांगितली जातात.