पार्ट बदलले, मोटार तीच का?

पाणी ओढणाऱ्या यंत्राच्या मोडक्या पार्टचा बदली पार्ट गावोगाव शोधत फिरणे बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला चांगलेच ठाऊक आहे.

व्होल्टेज पडले की पाणबुडी मोटार जास्त करंट ओढते, तापते आणि वायंडिंग जळते. बोअर आटून मोटार कोरडी चालली की बुश जातात, कारण आतले पाणीच त्यांचे वंगण असते. पाण्यातून वाळू आली तर इंपेलर झिजतात. मग पाइपसकट मोटार वर काढायची आणि केज, माजलगाव नाहीतर अंबाजोगाईचे दुकान गाठायचे. तिथला कारागीर जळालेली तार कापून काढतो, खाचा खरवडून साफ करतो, जुने वेढे मोजतो आणि प्लास्टिकचे आवरण असलेली नवी तांब्याची तार तेवढ्याच वेढ्यांनी भरतो. मॉडेल बंद पडले असेल तर इंपेलर भंगारातल्या तसल्याच मोटारीतून निघतो आणि बुश लेथवर करून घ्यावा लागतो.

अशा चार-पाच दुरुस्त्यांनंतर मूळचे काय उरते? बाहेरची बॉडी, फार तर शाफ्ट. तरीही मालक म्हणतो, ‘वडिलांच्या वेळची मोटार आहे.’ त्याचे म्हणणे खरे मानायचे का?

हा प्रश्न भारतीय तत्त्वज्ञानाने फार गंभीरपणे घेतला आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला त्याच्याच रथाविषयी विचारतो: आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. सगळ्या भागांना मिळून दिलेले एक नाव, एवढाच रथ. माणसाचेही तसेच, आत वेगळा कोणी मालक बसलेला नाही, असे नागसेन दाखवून देतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 मध्ये औरंगाबादला सुरू केलेल्या महाविद्यालयाला याच राजाचे नाव आहे आणि त्याच्या परिसराला नागसेनवन म्हणतात. मराठवाड्याला हा संवाद परका नाही.

न्याय आणि वैशेषिक या दर्शनांची भूमिका याहून वेगळी आहे. त्यांच्या मते भागांहून निराळी अशी अखंड वस्तू खरोखरच असते. पण एक भाग काढला की ती वस्तू नष्ट होते आणि दुसरा बसवला की नवी जन्मते. या हिशेबाने प्रत्येक नव्या बुशाबरोबर शेतकऱ्याची मोटार नवी होते आणि ‘तीच’ म्हणणे हा सारखेपणामुळे झालेला भास ठरतो. तर्क बिनतोड आहे, पण माणसे वस्तूंसोबत जशी जगतात त्याला तो पुरा पडत नाही.

अंबाजोगाईत ज्यांची समाधी आहे त्या मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ हा ग्रंथ परंपरेने शके 1110 मधला मानला जातो. देहाहून वेगळे, न बदलणारे चैतन्य हा त्यांचा विषय. देह बदलला तरी आत्मा तोच, ही शिकवण घराघरात रुजली आहे. ती मोटारीला मात्र लागू करता येत नाही. मोटारीत कोणी देही नाही.

मग मोटार तीच का, याचे सर्वांत सखोल उत्तर मंदिराच्या जीर्णोद्धारात सापडते. मूर्तीची जागा दुरुस्त करायची असली की विधीने देवत्व कलशातल्या पाण्यात आणतात. काम चालू असते तोवर पूजा त्या कलशाची होते. दगड बदलतात, चुना बदलतो, कधी मूर्तीही बदलते. मग देवत्व परत आणून प्रतिष्ठा करतात आणि गाव म्हणते, देव तोच. हे सातत्य दगडात नसते. मधल्या काळात पूजा एक दिवसही न चुकवणाऱ्या माणसांनी ते राखलेले असते. दसऱ्याला मोटारीच्या पॅनलवर हळद-कुंकू वाहणारे घरही तेच करत असते. जिच्या पाण्यावर दोन पिढ्यांचे रान भिजले ती मोटार त्यांनी जपली, म्हणून ती तीच.

नागसेन त्याच संवादात कारणांची साखळीही मांडतो, ती इथे उपयोगी पडते. एक कडी दुसरीला जन्म देते, म्हणून प्रवाह चालू राहतो. कंपनी पार्ट देणे बंद करते तेव्हा ती ही साखळी तोडते. केवळ एका झिजलेल्या सीलसाठी धडधाकट यंत्र भंगारात जाणे हा व्यवहाराचा दोष तर आहेच, पण अधर्मही आहे.

केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी ‘राइट टू रिपेअर’ हे पोर्टल सुरू केले. त्यासाठी निवडलेल्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारे आहेत. मोटार घेताना दुकानदाराला किमतीच्या आधी हे विचारा: हिचे इंपेलर, बुश आणि सील किती वर्षे मिळतील, आणि ते बिलावर लिहून देता का?