मार्कच्या वाटेवरचे शिष्यत्व

मार्ककृत शुभवर्तमानाच्या आठव्या ते दहाव्या अध्यायांत येशू शिष्यांसह फिलिप्पाच्या कैसरियाकडून यरुशलेमच्या वाटेला लागतो. या प्रवासात तो तीनदा सांगतो की आपल्याला दुःख सोसावे लागेल, आपण मारले जाऊ आणि पुन्हा उठू. तिन्ही वेळा शिष्य भलतीकडेच पाहत असतात. पहिल्यांदा पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावतो. दुसऱ्यांदा, आपल्यात मोठा कोण, यावर बाराजणांचा वाद चालतो. तिसऱ्यांदा याकोब आणि योहान त्याच्या गौरवात उजवीकडची-डावीकडची आसने मागतात. प्रत्येक वेळी येशू पुन्हा पहिल्यापासून शिकवतो: क्रूस उचला, शेवटचे व्हा, सर्वांचे दास व्हा. या साऱ्या भागाच्या एका टोकाला बेथसैदाचा आंधळा आहे, त्याला दोन टप्प्यांत दृष्टी येते. दुसऱ्या टोकाला यरीहोचा बार्तीमय आहे. दिसू लागताच तो येशूच्या मागे वाटेने चालू लागतो. सोबत राहिलेल्यांना जे उमगत नाही ते रस्त्याकडेच्या भिकाऱ्याला उमगते. मार्कने ही मांडणी जाणीवपूर्वक केली आहे, यात शंका नाही.

क्रूस हा शब्द तेव्हा अलंकारिक नव्हता. गुलाम आणि बंडखोर यांच्यासाठी राखलेली ती रोमी शिक्षा होती. इ. स. पू. 71 मध्ये स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर कापुआ ते रोम या रस्त्यावर सुमारे 6,000 जणांना खांबांवर चढवण्यात आले. हेरोद राजाच्या मृत्यूनंतर यहूदियात उठाव झाला, तेव्हा रोमी सुभेदार वारुसने सुमारे 2,000 लोकांना हीच शिक्षा दिल्याचे इतिहासकार जोसेफस लिहितो. तेव्हा क्रूस उचलण्याची भाषा ऐकणाऱ्या गालीलकरांना तिचा अर्थ समजावून सांगावा लागत नव्हता. आज जुनाट आजाराला किंवा संसारातल्या कटकटीला ‘माझा क्रूस’ म्हटले जाते. ही दुःखे खरी असतात, पण मार्कच्या क्रुसाशी त्यांचे नाते दूरचे आहे. त्याचा क्रूस वाट्याला येतो तो येशूच्या मागे जाण्याचे ठरवल्यामुळे.

दुःख मुळातच पवित्र आहे, असेही हे शुभवर्तमान सांगत नाही. येशू जिथे जातो तिथे दुसऱ्यांचे दुखणे दूर करतो. गेथशेमानेत तो स्वतःसाठीही, हा प्याला टळावा, अशी प्रार्थना करतो आणि मगच पित्याची इच्छा स्वीकारतो. तो दुःखांतून आज्ञापालन शिकला, असे इब्री लोकांस पत्र म्हणते. तरीही या शिकवणुकीचा गैरवापर झाला आहे, आणि तो लहानसहान नाही. अमेरिकेतील गुलामांना मालकांनी पेत्राच्या पत्राचा आधार देऊन निमूट सोसायला सांगितले. मार खाणाऱ्या बायकांनाही असाच उपदेश होत आला. इथे क्रूस सोसणाऱ्याने उचललेला नसतो. दुसऱ्यानेच तो त्याच्या खांद्यावर लादलेला असतो. अशा सोसण्याला शिष्यत्व म्हणणे हा शास्त्राचा विपर्यास आहे.

मार्कचे शिष्य धीराचे नमुने नाहीत. अटक होताच सगळे पळतात, पेत्र येशूला तीनदा नाकारतो. क्रूस वाहतो तो शेतावरून येणारा कुरेनेकर शिमोन, तोही सक्तीने. शेवटपर्यंत दुरून पाहत उभ्या राहतात त्या स्त्रिया. पण रिकाम्या कबरेपाशी त्यांना मिळालेल्या निरोपात शिष्यांबरोबर पेत्राचे नाव वेगळे घेतलेले आहे. चुकलेल्याला परत बोलावणे हाही या शिक्षणाचाच भाग आहे.

विसाव्या शतकात क्रूस उचलून येशूच्या मागे जाण्याचा हा विचार निकराने मांडला जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बॉनहोफर यांनी. नाझींच्या दबावाला विरोध करणाऱ्या चर्चसाठी ते फिंकनवाल्ड येथे पाळक घडवत होते. 1937 मध्ये गेस्टापोने ते विद्यालय बंद केले आणि त्याच वर्षी शिष्यत्वावरचे त्यांचे पुस्तक निघाले. येशूच्या मागे न जाता मिळवू पाहिलेल्या क्षमेला त्यांनी त्यात ‘स्वस्त कृपा’ म्हटले. 1939 मध्ये ते न्यूयॉर्कला सुरक्षित पोहोचले होते, तरी काही आठवड्यांतच परतले: देशबांधवांसोबत संकट न भोगता युद्धानंतर त्यांच्यात वावरण्याचा आपल्याला हक्क उरणार नाही, असे त्यांना वाटले. हिटलरविरोधी कटाशी त्यांचा संबंध होता. 9 एप्रिल 1945 रोजी फ्लोसेनबुर्गच्या छावणीत त्यांना फाशी देण्यात आली. त्यानंतर दोनच आठवड्यांनी अमेरिकी सैन्य तिथे पोहोचले.

महाराष्ट्रात याच वाटेचे वेगळे वळण पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसते. 1870च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील गेले. भुकेची वणवण त्यांनी स्वतः भोगली होती. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, तेव्हा तिथल्या उपाशी मुलींची दशा त्यांना कोणी वर्णन करून सांगण्याची गरज नव्हती. शेकडो मुलींना त्यांनी आणले. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांना निवारा मिळाला, त्याबरोबर लिहिणे-वाचणे, विणकाम आणि छपाईही शिकवली गेली.