‘सेव्ह झालं’ असं कधी म्हणावं?

डेस्कटॉपवरचे प्रोग्रॅम आता फाइल लिहिण्याचं काम अनेकदा असिंक्रोनस पद्धतीने सोपवतात. हा मजकूर अमुक फाइलमध्ये लिही, असं ऑपरेटिंग सिस्टिमला सांगायचं आणि उत्तरासाठी खोळंबून न राहता पुढच्या कामाला लागायचं. त्यामुळे विंडो गोठत नाही, माणसाचं टायपिंग अडत नाही. हे समजावून सांगताना निष्काम कर्माचा दाखला सहज सुचतो: कर्म करावं, फळाकडे डोळे लावून बसू नये. हा दाखला मला चुकीचा वाटतो. तो का चुकतो हे नीट पाहिलं, तर कर्म पुरं झालं असं केव्हा म्हणता येतं, या जुन्या प्रश्नावरच उजेड पडतो.

विंडोजमध्ये नेमकं काय घडतं ते पाहू. फाइल उघडताना ‘ओव्हरलॅप्ड’ हा पर्याय दिला असेल आणि काम तिथल्या तिथे उरकलं नाही, तर ‘राइटफाइल’ हे फंक्शन नकार घेऊन परत येतं. नकाराचं कारण विचारलं की ९९७ हा आकडा मिळतो. काम फसलं असा त्याचा अर्थ नाही; काम स्वीकारलंय, निकाल यायचाय, एवढंच तो सांगतो. तो निकाल येईपर्यंत मजकुराचं बफर आणि त्या मागणीची नोंद असलेलं स्ट्रक्चर, दोन्ही जसंच्या तसं राखणं ही प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची जबाबदारी असते. बफर फंक्शनच्या आतल्या तात्पुरत्या जागेत ठेवलं आणि फंक्शन संपलं, तर ती जागा दुसऱ्याच कामाला लागते आणि फाइलमध्ये भलताच मजकूर जाऊ शकतो. तेव्हा चूक झाल्याचा इशारा मिळेलच असंही नाही. म्हणजे काम सोपवून झाल्यावरही कर्त्याची सुटका झालेली नसते.

कर्म आणि फळ यांच्यामधल्या या अंतराचा विचार आपल्याकडे मीमांसकांनी फार बारकाईने केला. यज्ञ आज संपतो, आहुती जळून जाते आणि स्वर्ग मिळायचा तो मरणानंतर. मग संपून गेलेली क्रिया इतक्या दूरच्या फळाला जोडली जाते ती कशाने? या पेचातून त्यांनी ‘अपूर्व’ मानलं: कर्मातून उपजणारी, डोळ्यांना न दिसणारी, फळ मिळेपर्यंत टिकून राहणारी शक्ती. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त नैयायिकांची बाजू मांडली, की असं अपूर्व, त्यांच्या भाषेत अदृष्ट, स्वतः जड आहे, त्याला फलद्रूप करायला चेतन अधिष्ठाता हवा, म्हणजे ईश्वर हवा. दोन्ही पक्षांना एक गोष्ट मान्य होती. मधलं अंतर कुणीतरी किंवा कशानेतरी सांभाळावं लागतं, ते आपोआप भरून निघत नाही. प्राचीनांना संगणक ठाऊक होता असा माझा अजिबात दावा नाही. पण प्रश्नाचा आकार तोच आहे, आणि इथे अंतर सांभाळणारा अर्धा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा आहे, अर्धा प्रोग्रॅम लिहिणारा माणूस.

यावर कुणी म्हणेल, गीता तर फळाची आस सोडायलाच सांगते. सांगते, पण त्याच गीतेच्या अठराव्या अध्यायात परिणाम, हानी आणि स्वतःचं सामर्थ्य यांचा विचार न करता मोहाने आरंभलेलं कर्म तामस ठरवलं आहे. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनीही कर्मत्याग आणि फलाशात्याग यांची गल्लत होऊ दिली नाही. शिवाय इथे एक वेगळी गोष्ट आहे, आणि मला तीच निर्णायक वाटते. लिहिलेल्या फाइलचं फळ प्रोग्रॅमरचं नसतंच. ते असतं त्या माणसाचं, ज्याने रात्रभर बसून प्रबंध टाइप केला, ज्याने दुकानाचा वर्षाचा हिशोब भरला. आपल्या वाट्याचं फळ सोडता येतं. दुसऱ्याचं सोडण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

निकालाचा अर्थ नीट लावला नाही की काय होतं, याचा दाखला २०१८ साली समोर आला. लिनक्सवर ‘राइट’ यशस्वी झालं, तरी मजकूर बहुधा मेमरीतल्या पेज कॅशमध्येच असतो. तो डिस्कवर पोचल्याची खात्री ‘एफसिंक’ने करून घ्यायची असते. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या विकसकांच्या लक्षात आलं, की एकदा ‘एफसिंक’ फसलं आणि पुन्हा करून पाहिलं, तर दुसऱ्या वेळी ते यशस्वी झाल्याचं सांगू शकतं. मजकूर मात्र डिस्कवर गेलेलाच नसतो, कारण पेज कॅशमधली न लिहिलेली पानंही कर्नलने लिहून झाल्यासारखी धरलेली असतात. पुन्हा प्रयत्न केला की भागतं, या समजुतीवर पोस्टग्रेस वर्षानुवर्षं चाललं होतं. मग त्यांनी नियम बदलला: ‘एफसिंक’ फसलं की सर्व्हरने स्वतःहून थांबायचं आणि बदलांची नोंद ठेवणाऱ्या लॉगमधून सगळं पुन्हा उभं करायचं.

इतकी वाट पाहिली तर वेग जाईल, हा आक्षेप नेहमी येतो. पण वाट पाहणं आणि अडून बसणं एक नव्हे. ती सोय करण्यासाठीच तर असिंक्रोनस पद्धत आली. माणूस पुढे टाइप करत राहू दे, पडद्याच्या कोपऱ्यात मात्र ‘सेव्ह होतंय’ असंच दिसू दे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पूर्ण खात्री कधीच नसते. हे खरं आहे. मॅकवर साध्या ‘एफसिंक’ने मजकूर ड्राइव्हकडे जातो, पण ड्राइव्हच्या स्वतःच्या कॅशमध्येच राहू शकतो, तो तिथून खाली उतरवायला वेगळी, पुष्कळ हळू चालणारी आज्ञा द्यावी लागते. पण खात्री अपुरी असणं हे न विचारण्याचं कारण होऊ शकत नाही. जिथवर विचारता येतं तिथवर विचारावं आणि जेवढं कळलं तेवढंच सांगावं, एवढीच सत्याची मागणी आहे. निकाल हाती नसताना पडद्यावर ‘सेव्ह झालं’ असं दाखवणारा प्रोग्रॅम खोटं बोलतो, आणि ते खोटं तो लिहिणाऱ्याच्या नावावर जमा होतं.